अकरा नंबरची रिकामी जागा

संशोधन केंद्रात तिला सगळे गणतीताई म्हणत. ती जिना चढताना पायऱ्या मोजायची, चहाच्या ट्रेमधले कप मोजायची, मीटिंग लांबली की खिडकीचे गज मोजायची. "आज साहेबांच्या शर्टाचं एक बटण कमी आहे," असं तिनं एकदा शेजारणीच्या कानात सांगितलं आणि अख्ख्या रांगेला हसू आवरेना. पण तिच्या कामाला असंच माणूस लागायचं. केंद्रात कपाशीची नवी वाणं तयार व्हायची. कुठलं रोप ठेवायचं आणि कुठलं उपटायचं हे पूर्वी शेतात ठरायचं, आता प्रयोगशाळेत ठरू लागलं होतं. रोप वीतभर झालं की त्याच्या कोवळ्या पानाची एक टिकली पंचनं कापायची, प्लेटच्या खाचेत टाकायची, ती वाटून त्यातला डीएनए वेगळा करायचा, आणि हव्या त्या खुणा त्यात आहेत का ते यंत्रात बघायचं. प्लेट तळहातापेक्षा जरा मोठी, पण तिला खाचा शहाण्णव. कुठल्या खाचेत कुठल्या झाडाचं पान, हे एकदा चुकलं की पुढचं सगळं चुकलं. सोळा वर्षांत तिच्या हातून एकही खाच चुकली नव्हती.

त्या वर्षी मोठ्या साहेबांचा जीव एका संकरात अडकला होता. केंद्राची एक जुनी कपाशी होती, लांब धाग्याची, पांढरीशुभ्र. पण मर रोग आला की उभ्या उभ्या वाळायची. दुसरी होती डोंगराच्या कपारीतून आणलेली रानटी जात. तिचं बोंड गोटीएवढं, धागा आखूड आणि मातकट, पण रोग तिच्या वाऱ्याला उभा राहत नसे. साहेबांनी पांढरीला आई केलं आणि रानटीला बाप. त्यांच्या पोरांचा संकर पुन्हा आईशी, त्यांच्या पोरांचा पुन्हा आईशी, असं चालू होतं. बापाचे तीनच तुकडे पोरात यायला हवे होते, रोगाला पुरून उरणारे. बाकी सगळा आईचा वारसा. तिन्ही तुकडे एकत्र असतील तरच झाड टिकायचं, आणि असं झाड आठात एखादंच निघायचं. ते एखादं ओळखून द्यायचं काम गणतीताईचं.

आणि संकराचं काम दोरामामांचं. मामा शिकलेले जेमतेम सातवी, पण संपूर्ण केंद्रात त्यांच्यासारखा हात नव्हता. उद्या सकाळी उमलणारी कळी त्यांना आज दुपारी कळायची. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं असे. त्या नखानं कळीला बुडाशी चीर देऊन ते पाकळ्या आणि पुंकेसर टोपीसारखे एका झटक्यात उतरवत, आतल्या स्त्रीकेसराला ओरखडासुद्धा न लावता. मग त्यावर कागदी नळी, दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या फुलाचे पराग, आणि देठाला लाल दोरा. तो दोरा बांधायच्या त्यांच्या पद्धतीवरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. "मी बांधलेला दोरा आणि बायकोनं धरलेला हट्ट, दोन्ही आपोआप सुटत नाहीत," असं ते नव्या माणसांना सांगत.

ज्या सकाळी घोळ झाला, त्या सकाळी पाहुणे आले होते. बाहेरच्या संस्थेतले सात जण, गळ्यात ओळखपत्रं, हातात वह्या. साहेब त्यांना थेट शेतातच घेऊन आले आणि म्हणाले, "या आमच्या ताई. प्रयोगशाळेचा कणा. बघा कसं काम चालतं ते."

गणतीताईला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. चौऱ्याण्णव रोपांचा तो वाफा होता, प्रत्येक रोपापाशी नंबराची खुंटी. एरवी ती प्रत्येक खुंटीवरचा नंबर मोठ्यानं वाचायची, मगच पंच मारायची. त्या दिवशी ती खुंट्या वाचत नव्हती, बोलत होती. पान कुठलं घ्यायचं, टिकली केवढी, कपाशीच्या पानात चिकट रस असतो म्हणून बर्फ का लागतो. पाहुणे माना डोलावत होते, एक बाई फोटो काढत होत्या. तिच्या नकळत तिचा आवाजही थोडा वेगळा झाला होता, शिक्षिकेसारखा.

अकरा नंबरचं रोप आदल्या आठवड्यात मेलं होतं. तिथे नुसती खुंटी होती. अशा वेळी प्लेटमधली अकरावी खाच रिकामी सोडायची असते. ती बोलत बोलत बारा नंबरच्या रोपापाशी गेली आणि त्याची टिकली अकराव्या खाचेत टाकली. पुढे सगळं ओळीनं, न थांबता.

पाहुणे जेवायला गेले, ऊन चढलं, आणि शेवटच्या रोपाची टिकली टाकून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की प्लेटच्या शेवटी तीन खाचा उरल्या आहेत. उरायला हव्या होत्या दोनच. त्या दोन खाचा आई आणि बापाच्या नमुन्यासाठी होत्या. तिसरी कुठली?

कुठेतरी एक घर सरकलं होतं, पण कुठे, ते तिला आठवेना. उपाय सोपा होता. प्लेट टाकून द्यायची आणि सगळं पहिल्यापासून. दीड तासाचं काम. पण साहेबांनी पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं की जेवणानंतर हीच प्लेट यंत्रावर लागलेली दाखवतो. नुकतंच आपल्याला कणा म्हटलेल्या माणसासमोर जाऊन "माझी मोजणी चुकली" म्हणायचं?

ती पुन्हा खाली वाकली. चौऱ्याण्णव नंबरच्या रोपाचं आणखी एक पान तिनं हातात धरलं आणि टिकली कापून रिकाम्या खाचेत टाकली. प्लेट भरल्यासारखी दिसू लागली. कुणीही बघत नव्हतं.

आठवड्यानं निकाल आला. अकरा झाडांत तिन्ही खुणा सापडल्या. साहेब खूश झाले. त्या अकरा झाडांच्या नंबरांच्या पिवळ्या चिठ्ठ्या तिनंच छापल्या आणि झाडांना बांधल्या. बांधताना मेलेल्या रोपाची खुंटी तिला दिसली, आणि घोळ कुठे झाला तेही तेव्हाच कळलं. पहिल्या दहांतली एकच चिठ्ठी होती, चार नंबरची. ती बरोबर. उरलेल्या दहाच्या दहा एकेक घर अलीकडे. ती तिथे काही वेळ उभी राहिली. मग उरलेल्या चिठ्ठ्याही तिनं कागदावरच्या नंबरांप्रमाणेच बांधल्या.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मितभाषी, सरळमार्गी माणूस. त्यानं विचारलं, "कुणाला कळलंय?"

"नाही."

"मग झाकली मूठ. मोठ्या ठिकाणी असल्या गोष्टी होतच असतात."

त्याचं बोलणं तिला पटलं नाही, पण सोयीचं वाटलं.

दीड महिन्यानं झाडं फुलावर आली. एका सकाळी दोरामामा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. चिखलाचे बूट बाहेर काढून, नुसत्या मोज्यांवर. ते प्रयोगशाळेत कधी येत नसत. मोज्याच्या भोकातून त्यांचा अंगठा दिसत होता आणि तो लपवण्यासाठी त्यांनी एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला होता.

"ताई, एक विचारायचं होतं. रानटी बापाच्या फुलाला बुडाशी लाल ठिपका असतो. बघितलाय ना?"

"हो."

"तर आजवर तुम्ही ज्या झाडांना चिठ्ठ्या बांधल्या, मागच्या वर्षी, त्याच्या मागच्या वर्षी, त्या बहुतेक सगळ्यांच्या फुलाला तो ठिपका होता. मी बघत आलोय. या वर्षी चिठ्ठीच्या झाडाला ठिपका नाही. पण त्याच्या पुढच्या झाडाला आहे. चार नंबर सोडला तर दहा चिठ्ठ्यांपैकी नऊ ठिकाणी असंच." ते थोडे हसले. "म्हटलं, चिठ्ठ्या एक घर सरकल्या तर नाहीत? माझं आपलं अडाण्याचं गणित. साहेबांना बोललो नाही. म्हटलं, आधी ताईंना विचारावं. तुमचं काम आहे."

तिच्या हातात नळ्यांचा ट्रे होता. तिनं तो टेबलावर ठेवला. या माणसानं नुसत्या डोळ्यांनी तिचं पाप शोधून काढलं होतं, आणि वर तिची अब्रू राखायला एकटा तिच्याकडे आला होता. "हो मामा, सरकल्यात," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. झाडं अजून उभी होती. अर्ध्या तासात चिठ्ठ्या बदलता आल्या असत्या.

"मामा," ती म्हणाली, "ठिपक्याचा आणि रोगाचा काही संबंध नसतो. ठिपका डोळ्यांना दिसतो म्हणून तुम्हाला वाटतं. डीएनए डोळ्यांना दिसत नाही. यंत्र खोटं बोलत नाही."

पलीकडच्या टेबलावरचे दोघे हसले. एक जण म्हणाला, "मामा, आता तुम्हालाच यंत्रात घालू या!"

मामांनी मान हलवली. "तसं असेल. तुम्ही शिकलेल्या." ते वळले, बाहेर जाऊन ओणवे होऊन बूट घालू लागले. लेस बांधायला त्यांना बराच वेळ लागला. ती आत उभी राहून तो वेळ सोसत होती.

चार दिवसांनी साहेबांनी हुकूम काढला: चिठ्ठी नसलेली सगळी झाडं काढून टाका, म्हणजे त्यांचे पराग मिसळायला नकोत. मामांनीच ती उपटली. प्रयोगशाळेच्या खिडकीतून वाफा दिसायचा. फुलांनी भरलेली झाडं बांधावर आडवी पडत होती, आणि तिची मोजायची सवय काही तिला सोडत नव्हती. एकेक झाड पडत गेलं आणि ती बेरीज करत गेली. मग मामांनी चिठ्ठीच्या अकरा झाडांचे पराग घेऊन पांढऱ्या आईच्या फुलांवर संकर केला. दीड हजार कळ्या, दीड हजार दोरे.

पुढच्या हंगामात ते बी थेट आजारी वाफ्यात पेरलं. आजारी वाफा म्हणजे वर्षानुवर्षं मर रोगाची माती साठवलेला तुकडा, झाडाची खरी परीक्षा घेणारा. अकरा झाडांची अकरा कुटुंबं, प्रत्येकी साठ रोपं. सहाव्या आठवड्यात पानं पिवळी पडू लागली. आठव्या आठवड्याला दहा कुटुंबं साफ वाळली होती. फक्त चार नंबरच्या कुटुंबातली सात रोपं उभी होती.

साहेबांनी बैठक बोलावली. लांब टेबल, एका टोकाला साहेब, दोन्ही बाजूंना मंडळी, आणि दाराजवळच्या खुर्चीत दोरामामा. बैठकीचा वृत्तान्त लिहायला गणतीताई, कारण तिचं अक्षर चांगलं.

साहेबांनी आधी तिलाच विचारलं, "ताई, प्लेटमध्ये काही गडबड?"

"नाही सर." शब्द इतक्या चटकन बाहेर पडले की तिचं तिलाच नवल वाटलं.

"मग खुणा होत्या, आणि पोरांत आल्या नाहीत. याचा अर्थ एकच. आईच्या कळ्यांतले पुंकेसर नीट निघाले नाहीत. फुलं स्वतःच्याच परागांवर फळली. मामा?"

मामा उभे राहिले. "साहेब, चाळीस वर्षं करतोय. चार नंबरचं उभं आहे ना? तेही याच हातानं केलंय."

"एखाद्या दिवशी हात नीट चालला असेल. वय होतं मामा, माणसाचं. त्यात लाज नाही."

मामांनी साहेबांकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. बस यायची वाट बघतो ना माणूस, तसं. तिनं मान खाली घातली, आणि समोर कागद होता म्हणून लिहू लागली. "निष्कर्ष: परागीकरणाच्या कामात त्रुटी. संबंधित कामगाराची बदली करावी." खाली मामांचं पूर्ण नाव. सुवाच्य अक्षरात.

मामांना रेचणीच्या खोलीत टाकलं. तिथे एक लहान यंत्र होतं. त्यात कापूस घालायचा, एका बाजूला रुई आणि दुसऱ्या बाजूला सरकी पडायची. बाकी काही करायचं नाही. दिवसभर खडखडाट आणि हवेत तंतू. रेचणीची खोली प्रयोगशाळेच्या जिन्याखालीच होती, म्हणून ती मागच्या जिन्यानं जाऊ लागली. मागच्या जिन्याला सत्तावीस पायऱ्या होत्या. समोरासमोर आलेच तर मामा म्हणायचे, "काय ताई, बरं आहे ना?" आणि तेच तिला सगळ्यात जड जायचं. एकदा तोंडावर बोलले असते तर तिला जरा श्वास घेता आला असता.

बारावीतली मुलगी तेव्हा मैत्रिणींना सांगत असे की माझी आई शास्त्रज्ञ आहे. "शास्त्रज्ञ नाही गं, मदतनीस," असं गणतीताई पूर्वी हसून म्हणायची. आता नुसतीच उठून आत जायची.

दीड वर्षानं मामा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात शाल नाही, भाषणं नाहीत. चहा, बिस्किटं आणि एक भिंतीवरचं घड्याळ. कामावर ठपका असलेल्या माणसाला यापेक्षा जास्त देत नाहीत. ती त्या दिवशी रजेवर होती. आजारी असल्याचं तिनं कळवलं होतं, आणि ते पुरतं खोटंही नव्हतं.

त्यानंतर केंद्रात नव्या मॅडम आल्या. वयानं गणतीताईहून पंधरा वर्षांनी लहान, बोलणं भराभर, आणि एक वाईट खोड: जुन्या फायली वाचायची. संकर का फसला हे त्यांना समजून घ्यायचं होतं. आजारी वाफ्यात मेलेल्या रोपांची वाळलेली पानं पाकिटांत ठेवलेली होती. त्यांनी ती काढून तपासली आणि दोन दिवसांनी गणतीताईला हाक मारली.

"ताई, हे गमतीशीर आहे. फुलं स्वतःच्या परागांवर फळली असती तर पोरांत सगळं आईचंच दिसलं असतं. पण इथे बघा, कुणात बापाची एक खूण, कुणात दोन. म्हणजे पराग बापाच्या बाजूनंच आले. संकर करणाऱ्याचा हात अगदी बरोबर होता." त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "आणि ही तुमची जुनी प्लेट. त्र्याण्णव आणि चौऱ्याण्णव नंबर सगळ्या खुणांना तंतोतंत सारखे. अशी जुळी कपाशी मी तरी बघितली नाही."

मॅडमच्या बोलण्यात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "नमुना मिसळला असेल" म्हटलं असतं तर त्यांनी तेही लिहून घेतलं असतं. गणतीताईनं ते वाक्य जुळवलंही होतं. पण तोंडातून वेगळंच आलं.

"जुळी नाहीत ती. एकाच झाडाची दोन पानं आहेत. मी टाकली."

मग तिनं सगळं सांगितलं. पाहुण्यांपासून मोज्यांतल्या पायांपर्यंत. मॅडमनी मध्ये एकदाही विचारलं नाही, "का?" त्यांनी लेखणी खाली ठेवली होती. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे त्या मामांनी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो."

"झाडं उभी असताना."

"हो."

मोठ्या साहेबांनी ऐकल्यावर आरडाओरडा केला नाही. ते खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. "बैठकीत मी पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला होता, ताई," ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी त्या माणसाला…" मग म्हणाले, "लेखी द्या." तिला प्रयोगशाळेतून काढून बियाणे कोठीत पाठवलं. ती स्वतःच तसं मागणार होती, पण मागायच्या आत मिळालं, आणि ते योग्यच झालं असं तिला वाटलं.

मामांकडे जायला तिला आणखी तीन आठवडे लागले. दोनदा ती त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरली. तिसऱ्यांदा एका रविवारी सकाळी गेली. अरुंद गल्ली, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दार सुनेनं उघडलं. मामा खिडकीशी स्टुलावर बसून नातीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत होते. त्यांनी वर पाहिलं, सुई थांबवली, आणि "या" किंवा "बसा" काहीच म्हटलं नाही. ती दारातच उभी राहिली.

"मामा, चिठ्ठ्या सरकल्या होत्या."

"माहीत आहे."

"माझ्याकडून. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही यायच्याही आधी."

"तेही माहीत आहे. यंत्र खोटं बोलत नाही म्हणालात तेव्हा तुम्ही माझ्या पायांकडे बघत होता."

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत होती. "मग तुम्ही बैठकीत का बोलला नाहीत? साहेबांना का सांगितलं नाहीत?"

"तुम्हाला सांगितलं होतं की," मामा म्हणाले.

तिच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. खाली रस्त्यावर कुणीतरी रिकामे डबे आपटत होतं.

"हे बघा ताई," शेवटी मामा म्हणाले, "चूक माझ्या हातूनही झाली असेल चाळीस वर्षांत. त्याचं काही नाही. पण माझ्या नातीनं मला विचारलं, आजोबा, तुम्हाला कामावरून का काढलं? मी म्हटलं, काढलं नाही, बदली केली. ती म्हणाली, का केली? आता काय सांगू? तुम्ही कागदावर लिहिलंय माझं नाव. तो कागद अजून आहे ना?"

"आहे."

"तो बदलून आणा. मला दुसरं काही नको. तुम्ही इथे येऊन रडलात तर त्याचं मी काय करू?"

ती रडत नव्हती, पण रडायच्या बेतात होती. ते तिनं गिळलं.

कागद बदलणं सोपं नव्हतं. हेडक्लार्क म्हणाले, "ताई, जुन्या बैठकीचा वृत्तान्त म्हणजे दगडावरची रेघ. खोडता येत नाही. फार तर दुरुस्तीची नोंद जोडता येते, तीही पुढच्या बैठकीत वाचून, सगळ्यांच्या सह्या घेऊन." त्यांना वाटलं होतं, हे ऐकून ती परत जाईल. "चालेल," ती म्हणाली. "वाचते."

सोमवारच्या बैठकीत ती त्याच लांब टेबलापाशी उभी राहिली. तेवीस माणसं होती. कागद तिनं रविवारीच लिहून ठेवला होता, पाच ओळींचा. पहिल्या ओळीत तारीख. दुसऱ्या ओळीत, नमुने घेताना माझी मोजणी चुकली. तिसऱ्या ओळीत, हे मला ठाऊक असूनही मी लपवलं. चौथ्या ओळीपाशी ती अडली. प्रयोगशाळेत मामांना हसलेल्या त्या दोघांपैकी एकानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तो तिनं घेतला नाही. "संकर करणाऱ्या कामगारांनी ही चूक वेळेत ओळखून मला सांगितली होती. मी त्यांना गप्प केलं. त्यांच्या कामात कोणतीही त्रुटी नव्हती." तिथे तिनं मामांचं पूर्ण नाव वाचलं. खुर्च्यांची कुरकुर, कुणाचं तरी खाकरणं, आणि मग तेवीस सह्या. कागद हातोहात फिरून परत येईपर्यंत ती उभीच होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं आणि सगळे बघत होते.

ती प्रत घेऊन ती मामांकडे गेली. सुनेनं मोठ्यानं वाचली. मामा म्हणाले, "पुन्हा वाच." दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी नातीला बोलावलं, तिच्या हातात कागद दिला आणि म्हणाले, "आता तू." पोरगी चौथीतली, जोडाक्षरांना अडखळत होती. "त्रुटी म्हणजे काय?" तिनं मध्येच विचारलं. मामांनी गणतीताईकडे बघितलं.

"चूक," गणतीताई म्हणाली. "तुझ्या आजोबांची नव्हती. माझी होती."

पोरीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढे वाचू लागली.

ते वाण पुढे झालं. चार नंबरच्या कुटुंबातली सात झाडं आणि शीतगृहातलं जुन्या पिढीचं थोडं बी, यांवरून मॅडमनी काम पुन्हा उभं केलं. त्यांनी हेही शोधून काढलं की लाल ठिपक्याचा जनुक तीन खुणांपैकी एकीच्या अगदी शेजारी बसतो, म्हणूनच दोन्ही बहुधा बरोबर चालत येतात. यंत्राला जे दाखवायला दोन महिने लागले, ते मामा तीन हंगाम बघत आले होते. पण सगळ्याला पाच वर्षं उशीर झाला, आणि त्या पाच वर्षांत मर रोगानं कुणाकुणाची शेतं वाळवली, याची मोजदाद कुठल्याही प्लेटमध्ये मावणारी नव्हती.

मुलीला तिनं हे सगळं स्वतःच सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. मुलगी तेव्हा कॉलेजात जीवशास्त्रच शिकत होती. दोघी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मुलीनं ऐकता ऐकता एकच टॉवेल तीनदा घडी केला आणि तीनदा मोडला.

"मग त्यांनी माफ केलं तुला?"

"मी विचारलं नाही."

"का?"

"त्यांनी कागद मागितला, मी दिला. त्याच्या पुढचं मागायचा मला हक्क नाही."

टॉवेल कपाटात ठेवून मुलगी आपल्या खोलीत गेली आणि त्यानंतर बरेच दिवस दोघींचं बोलणं कामापुरतंच राहिलं. मैत्रिणी आल्या की आई काय करते हे ती आता सांगत नसे. गणतीताईनं तिला कधी टोकलं नाही. ती सकाळी वेळेवर कोठीत जाते, बियाण्याच्या पिशव्या भरते, आणि शेजारच्या बाईला म्हणते, "मी मोजलंय, पण तुम्ही एकदा मोजा." बाई म्हणते, "अहो ताई, तुम्ही मोजल्यावर परत काय मोजायचं?" तरी गणतीताई पिशवी तिच्यासमोर ठेवून बाजूला होते आणि बाईचं मोजून होईपर्यंत थांबते.